लिनक्स ड्रायव्हरमधील डिव्हाइस-जुळणीचा कोड कसा तपासावा

लिनक्स कर्नलसाठी येणाऱ्या पॅचेसमध्ये सर्वांत लहान आणि दिसायला सर्वांत निरुपद्रवी पॅच म्हणजे ड्रायव्हरच्या आयडी टेबलमध्ये (तो कोणती उपकरणे सांभाळतो त्यांच्या क्रमांकांच्या यादीत) एका ओळीची भर घालणारा. पाठवणाऱ्याकडे नवे उपकरण असते, आत चिप जुनीच असते, ओळ घातली की त्याच्या मशीनवर ते सुरू होते, आणि रिव्ह्यू करणाराही दोन आकडे पडताळून होकार देऊन मोकळा होतो. पण ही ओळ सातबाऱ्यावर चढलेल्या नावासारखी असते. एकदा ती कर्नलमध्ये गेली की त्या वर्णनात बसणारे प्रत्येक उपकरण त्या ड्रायव्हरच्या ताब्यात जाते, आणि ज्याचा त्यावर खरा हक्क होता तो दुसरा ड्रायव्हर किंवा यूजरस्पेसमधला (कर्नलबाहेरचा) प्रोग्रॅम बाहेर राहतो. म्हणून "हे उपकरण या ड्रायव्हरवर चालते का" एवढे विचारून भागत नाही. "या ओळीत आणखी काय काय बसते आणि ते कोणाच्या हातून जाते" हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावा लागतो. ज्यांना सी भाषा येते, ज्यांनी एखादा ड्रायव्हर वाचलेला आहे, पण दुसऱ्याच्या ड्रायव्हरचा रिव्ह्यू करताना नेमके कुठे थांबून पाहावे हे ज्यांना ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी पुढील मजकूर आहे. त्यात यूएसबीवर भर अधिक आहे, कारण अशा पॅचेसची वर्दळ तिथे मोठी आहे आणि चुकांचे प्रकारही तिथेच सर्वांत जास्त दिसतात.

निर्णय तीन ठिकाणी होतो

उपकरण जोडले गेल्यापासून ते चालू होईपर्यंत तीन निरनिराळे निर्णय होतात, आणि समोरच्या पॅचचा संबंध त्यांपैकी कोणत्या निर्णयाशी आहे हे आधी ठरवावे. पहिल्या टप्प्यात कर्नल उपकरणाचे वर्णन एका ओळीच्या मोडएलियासच्या रूपात यूजरस्पेसला कळवतो. उपकरणांची दखल घेणाऱ्या युडेव्ह या प्रोग्रॅममार्फत ते मोडप्रोबकडे जाते आणि मोडप्रोब ‘मॉड्यूल्स.एलियास’ या फाइलीत शोधून योग्य ते मॉड्यूल, म्हणजे कर्नलपासून वेगळा बांधलेला ड्रायव्हर, लोड करतो. दुसऱ्या टप्प्यात त्या बसचा (यूएसबी, पीसीआय अशा जोडणीच्या मार्गाचा) कोड लोड झालेल्या ड्रायव्हर्सची आयडी टेबले चाळतो. तिसऱ्या टप्प्यात ड्रायव्हरचे स्वतःचे प्रोब फंक्शन चालते, आणि उपकरण स्वीकारायचे की नाकारायचे याचा शेवटचा अधिकार त्याच्याकडे असतो.

पहिल्या टप्प्याचा सारा आधार ‘मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल’ या एका मॅक्रोवर आहे. तो राहून गेला तर कंपायलर तक्रार करत नाही, ड्रायव्हर बांधला जातो, हाताने मॉड्यूल लोड केल्यास उपकरण व्यवस्थित चालते, आणि ज्याने पॅच पाठवला त्याच्या मशीनवर ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तर त्याला काही कमी असल्याचे जाणवतही नाही. उबुंटूसारख्या वितरणांच्या कर्नलमध्ये मात्र तोच ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून जातो आणि वापरकर्त्याने उपकरण जोडल्यावर काहीच घडत नाही. त्यामुळे नव्या ड्रायव्हरचा पॅच हाती आला की प्रथम टेबलांची संख्या आणि या मॅक्रोची संख्या ताडून पाहावी. एका ड्रायव्हरमध्ये डिव्हाइसट्रीचे (बोर्डावरील हार्डवेअरच्या लिखित वर्णनाचे), एसीपीआयचे (फर्मवेअरने दिलेल्या वर्णनाचे) आणि आय-टू-सी या बसचे अशी तीन टेबले असतील तर मॅक्रोही तीन लागतात. एसपीआय बसच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. उपकरण डिव्हाइसट्रीतून आलेले असले तरी ही बस त्याचा मोडएलियास एसपीआयच्याच पद्धतीने कळवते. त्यामुळे केवळ डिव्हाइसट्रीचे टेबल असलेल्या एसपीआय ड्रायव्हरची जुळणी होते, पण त्याचे मॉड्यूल आपोआप लोड होत नाही. अशा ड्रायव्हरमध्ये ‘एसपीआय_डिव्हाइस_आयडी’ चे टेबल आहे का आणि त्यातली नावे डिव्हाइसट्रीतल्या ‘कंपनी,चिप’ अशा नावांच्या स्वल्पविरामानंतरच्या भागाशी जुळतात का, हे पाहावेच लागते.

टेबलाच्या शेवटी रिकामी ओळ हवी, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही ती राहून जाते. ती नसेल तर बसचा कोड टेबलाच्या पलीकडची स्मृती आयडी समजून वाचत सुटतो. मॉड्यूल म्हणून बांधणी करताना ‘फाइलटूएलियास’ ही पायरी टेबलाची शेवटची ओळ शून्य आहे का हे तपासते आणि नसल्यास बांधणीच थांबवते, हा मोठा दिलासा आहे. पण हे संरक्षण फक्त ‘मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल’ खाली दिलेल्या टेबलांना मिळते. ब्लूटूथच्या ‘बीटीयूएसबी’ ड्रायव्हरमध्ये मुख्य टेबलाखेरीज अपवादांचे दुसरे, खासगी टेबल आहे आणि प्रोबमध्ये ‘यूएसबी_मॅच_आयडी’ ला बोलावून ते चाळले जाते. अशा टेबलाच्या शेवटाकडे रिव्ह्यू करणाऱ्यानेच लक्ष द्यायचे असते. रिकामी ओळ चुकून मधेच आली असेल तर तिच्या खालच्या सर्व ओळी बसच्या दृष्टीने नसल्यातच जमा होतात, म्हणून जुन्या फांदीवर नेलेल्या पॅचमध्ये नवी ओळ शेवटच्या रिकाम्या ओळीच्या वर पडली की खाली, हेही पाहावे.

यूएसबी: ओळ किती रुंद आहे

यूएसबीमध्ये जुळणी संपूर्ण उपकरणाशी होत नाही, उपकरणातल्या प्रत्येक इंटरफेसशी (एकेका कामासाठीच्या भागाशी) स्वतंत्रपणे होते. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर रिव्ह्यूतले निम्मे काम सोपे होते. ‘यूएसबी_डिव्हाइस’ हा मॅक्रो फक्त उत्पादक क्रमांक आणि उत्पादन क्रमांक तपासतो. म्हणजेच त्या उपकरणाचा कोणताही इंटरफेस समोर आला तरी तो "जुळले" असेच उत्तर देतो. एकच इंटरफेस असलेल्या साध्या उपकरणाला हे पुरते. अनेक इंटरफेस असलेल्या उपकरणासाठी मात्र ‘यूएसबी_डिव्हाइस_इंटरफेस_क्लास’, ‘यूएसबी_डिव्हाइस_इंटरफेस_नंबर’ किंवा ‘यूएसबी_डिव्हाइस_अँड_इंटरफेस_इन्फो’ यांपैकी योग्य तो अरुंद मॅक्रो हवा.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मोबाइल मॉडेम्सचा ‘ऑप्शन’ हा ड्रायव्हर. क्वेक्टेल कंपनीचे ईसी२५ हे मॉडेम घ्या. त्याचा उत्पादक क्रमांक षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत २सी७सी आणि उत्पादन क्रमांक ०१२५ असा आहे. त्यात इंटरफेस ० निदानासाठी, १ जीपीएसच्या माहितीसाठी, २ एटी आज्ञांसाठी, ३ मॉडेमसाठी आणि ४ क्यूएमआय पद्धतीच्या नेटवर्कसाठी असतो. पहिले चार सिरियल पोर्ट म्हणून ‘ऑप्शन’ ने घ्यायचे आणि पाचवा ‘क्यूएमआय_डब्ल्यूडब्ल्यूएएन’ या नेटवर्क ड्रायव्हरसाठी सोडायचा, अशी ही वाटणी आहे. आता हे सर्वच इंटरफेस स्वतःचा वर्ग (कामाचा प्रकार) ‘उत्पादकाचा स्वतःचा’, म्हणजे एफएफ, असा सांगत असतील, तर वर्गावरून त्यांना वेगळे काढता येत नाही. मग ‘ऑप्शन’ मध्ये ओळीच्या ‘ड्रायव्हर_इन्फो’ या खासगी रकान्यात ‘आरएसव्हीडी(४)’ असे लिहून ४ या क्रमांकाचा इंटरफेस राखून ठेवता येतो. ते लिहायचे राहिले तर कोणता ड्रायव्हर आधी नोंदला गेला यावर निकाल ठरतो. एका मशीनवर इंटरनेट चालते, दुसऱ्यावर चालत नाही, आणि तक्रार करणाऱ्याला कारण सापडत नाही.

याच मॅक्रोत एक खोच आहे. ‘आरएसव्हीडी’ इंटरफेसच्या क्रमांकाचा बिट घेतो आणि तो आठ बिटांच्या मुखवट्यातून (मास्कमधून) गाळतो. त्यामुळे क्रमांक ८ किंवा त्याहून मोठा दिल्यास परिणाम शून्य येतो, कंपायलर गप्प राहतो, आणि राखीव ठेवलेला वाटणारा इंटरफेस प्रत्यक्षात उघडाच असतो. मोठ्या क्रमांकाचा इंटरफेस असलेल्या उपकरणासाठी पॅच आला की ही जागा जरूर पाहावी, आणि तिथे वर्ग, उपवर्ग व प्रोटोकॉल सांगणारा अरुंद मॅक्रोच सुचवावा.

अँड्रॉइडवर आधारलेल्या मॉडेम्समध्ये एडीबी या अँड्रॉइडच्या डीबगिंग साधनाचाही इंटरफेस असतो. त्याचा वर्ग एफएफ, उपवर्ग ४२ आणि प्रोटोकॉल ०१ असतो. एडीबी हा यूजरस्पेसमधून थेट उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम असल्याने कर्नलमधल्या कोणत्याही ड्रायव्हरने तो इंटरफेस धरला तर त्याची वाट अडते. म्हणूनच यूएसबी सिरियलच्या पॅचमध्ये कमिट संदेशात (पॅचसोबतच्या वर्णनात) ‘यूएसबी-डिव्हायसेस’ या आज्ञेचा पूर्ण निकाल आणि प्रत्येक इंटरफेस कशासाठी आहे याची यादी मागितली जाते. ही मागणी कटकटीची वाटू शकते, पण माझ्या मते अशा पॅचमधला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, कारण ओळ बरोबर आहे की नाही हे त्या निकालाखेरीज कोणालाही ठरवता येत नाही. यादी नसेल तर रिव्ह्यू पुढे नेऊच नये, आधी ती मागावी. मिळाल्यावर निकालातला प्रत्येक इंटरफेस बोटाने मोजत ओळीशी ताडावा: हा आपला, हा सोडलेला, हा साठवणुकीचा, हा एडीबीचा. एकाही इंटरफेसचे उत्तर "माहीत नाही" असे आले तर तो तूर्त ड्रायव्हरबाहेर ठेवायला सांगावे. नंतर एखादा इंटरफेस वाढवणे सोपे असते, लोकांच्या वापरात आलेला काढून घेणे मात्र जड जाते.

वर्गावरून जुळवणाऱ्या ओळींसाठी यूएसबीच्या गाभ्यात (सर्व ड्रायव्हर्सना सामायिक कोडमध्ये) एक नियम आहे आणि तो वाचनात सहज निसटतो. उपकरणाचा स्वतःचा वर्ग एफएफ असेल आणि ओळीत उत्पादक क्रमांक दिलेला नसेल, तर इंटरफेसचा वर्ग, उपवर्ग, प्रोटोकॉल किंवा क्रमांक जुळला तरी ती ओळ लागू होत नाही. उत्पादकाने स्वतः ठरवलेल्या वर्गांचे अर्थ प्रत्येक उत्पादकागणिक वेगळे असतात, म्हणून हा नियम रास्तच आहे. याउलट टोकाची गोष्ट म्हणजे ज्या ओळीत सर्व रकाने शून्य आहेत पण ‘ड्रायव्हर_इन्फो’ शून्य नाही, ती ओळ टेबलाचा शेवट मानली जात नाही. ती प्रत्येक उपकरणाच्या प्रत्येक इंटरफेसशी जुळते. काही ड्रायव्हर्सना हे मुद्दाम हवे असते. ते हेतुपुरस्सर आहे की आकडे भरायचे राहिले, हे पॅच पाठवणाऱ्याला थेट विचारावे.

क्रमांक उपकरणाचा की चिपचा

डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी हाताळलेली असते, कारण लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मिळणाऱ्या स्वस्त आर्डुइनो-सदृश बोर्डांवर बहुधा हीच असते. तिचा क्रमांक १ए८६:७५२३ असा आहे आणि कर्नलमध्ये तिला ‘सीएच३४१’ हा ड्रायव्हर सांभाळतो. हा क्रमांक चिपचा आहे, ती ज्यात बसवली आहे त्या वस्तूचा नव्हे. तीच चिप विकासबोर्डात असते, प्रिंटरच्या केबलमध्ये असते आणि काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही असते. २०२२ साली आलेल्या उबुंटू २२.०४ मध्ये नेमका याच गोष्टीचा फटका बसला. ब्रेल डिस्प्ले चालवणाऱ्या ‘बीआरएलटीटीवाय’ या प्रोग्रॅमच्या युडेव्ह नियमांत १ए८६:७५२३ हा क्रमांक होता, त्यामुळे कोणताही सीएच३४० बोर्ड जोडला की तो प्रोग्रॅम पुढे होऊन इंटरफेस आपल्याकडे घेत असे आणि ‘टीटीवाययूएसबी०’ हा बोर्डाचा सिरियल पोर्ट क्षणभर दिसून नाहीसा होत असे. अंध वापरकर्त्यांना डिस्प्ले जोडताच चालू व्हावा ही गरज खरी आणि महत्त्वाची होती. फक्त ती गरज ज्या क्रमांकावर टांगली होती तो क्रमांक ती वाहून नेण्याइतका नेमका नव्हता. हा नियम यूजरस्पेसमधला असला तरी कर्नलच्या टेबलातली चूकही याच जातीची असते.

म्हणून नवी ओळ आली की तिच्यातला क्रमांक कोणी कोणाला दिला आहे हे विचारावे. उत्पादकाने आपल्या वस्तूसाठी स्वतंत्र उत्पादन क्रमांक घेतला असेल तर ‘यूएसबी_डिव्हाइस’ पुरेसा असतो. चिपचा मूळ क्रमांक तसाच ठेवून वस्तू विकली असेल, तर त्या वस्तूपुरते खास वर्तन केवळ क्रमांकावरून ठरवता येत नाही. त्यासाठी उत्पादनाच्या नावाची अक्षरमाला किंवा अन्य काही अधिक खूण लागते. ती खूणही नसेल, तर ते वर्तन कर्नलमध्ये न घालता वापरकर्त्याच्या ठरावावर सोडावे, असे स्पष्ट लिहिण्यास रिव्ह्यू करणाऱ्याने कचरू नये.

क्रमांक बरोबर असूनही आतली वस्तू वेगळी निघते, असेही घडते. ०ए१२:०००१ हा सीएसआर कंपनीच्या ब्लूटूथ चिपचा क्रमांक असंख्य नकली डोंगल्स वापरतात. त्या नकला मूळ चिपच्या काही आज्ञांना नीट उत्तर देत नाहीत, म्हणून ‘बीटीयूएसबी’ ला त्या ओळखण्यासाठी उपकरणाने सांगितलेल्या इतर आकड्यांची छाननी करावी लागते. प्रोलिफिकच्या ०६७बी:२३०३ या एका क्रमांकाखाली अनेक पिढ्यांच्या चिप्स आल्या, आणि ‘पीएल२३०३’ हा ड्रायव्हर त्यांचा प्रकार उपकरण-वर्णनातील इतर रकान्यांवरून ठरवतो. अशा क्रमांकाला एखादा खास अपवाद जोडणारा पॅच आला तर तो अपवाद अस्सल चिपलाही लागू होतो का, हा पहिला प्रश्न असावा.

पीसीआय: ओळींचा क्रम

पीसीआयमध्ये टेबल वरून खाली वाचले जाते आणि पहिली जुळलेली ओळ अंतिम ठरते. एनव्हीएमई ड्रायव्हरचे टेबल पाहिले की याचा अर्थ डोळ्यांसमोर येतो. विशिष्ट कंपन्यांच्या विशिष्ट डिस्कसाठी अपवाद सांगणाऱ्या ओळी आधी येतात, आणि ०१०८०२ या वर्गावरून कोणतीही एनव्हीएमई डिस्क पकडणारी ओळ त्यांच्या खाली असते. आता एखाद्याने आपल्या डिस्कचा अपवाद त्या वर्गाच्या ओळीखाली घातला तर डिस्क चालेल, ड्रायव्हर तोच राहील, पण अपवाद कधीच लागू होणार नाही, आणि पॅच पाठवणाऱ्याने फक्त डिस्क दिसते की नाही एवढेच पाहिले असेल तर त्याला ते कळणारही नाही. म्हणून पीसीआयच्या पॅचमध्ये डिफच्या तीन-चार ओळींवर समाधान न मानता संपूर्ण टेबल उघडून नव्या ओळीच्या वर काय काय आहे ते वाचावे. वर्गाच्या ओळीत मुखवटा किती रुंद आहे हेही त्याच वेळी पाहावे, कारण त्यातला एक आकडा सैल सोडला तरी शेजारचे वर्ग आत येतात.

‘पीसीआय_आयडीएस.एच’ मध्ये नवा क्रमांक घालणारा बदल दिसला, तर तो क्रमांक एकाहून अधिक ड्रायव्हर्स वापरतात का ते विचारावे. त्या फाइलीच्या सुरुवातीलाच तसा दंडक लिहिलेला आहे. एकाच ड्रायव्हरचा क्रमांक त्या ड्रायव्हरच्याच फाइलीत राहावा.

डिव्हाइसट्री: इथे क्रम लागत नाही

पीसीआयमधली सवय डिव्हाइसट्रीच्या कोडला लावली की रिव्ह्यू चुकीच्या दिशेला जातो. इथे बोर्डाच्या वर्णनातील ‘कम्पॅटिबल’ ही यादीच विशिष्टाकडून सामान्याकडे लावलेली असते, आणि कर्नल त्या यादीत सर्वांत आधी आलेल्या नावाशी जुळणारी ओळ निवडतो, मग ड्रायव्हरच्या टेबलात ती कुठेही असो. तेव्हा टेबलाचा क्रम फक्त वाचकाच्या सोयीसाठी असतो. तपासायचे असते ते नाव. ते एका नेमक्या चिपचे असावे. मालिकेतील सर्व चिप्सना कवेत घेणारे, एखाद्या अक्षराच्या जागी ‘एक्स’ घातलेले नाव स्वीकारू नये, कारण त्याच मालिकेत उद्या वेगळ्या वागणुकीची चिप येते आणि नाव मात्र तिलाही लागू पडते. नाव बाइंडिंगच्या, म्हणजे डिव्हाइसट्रीतल्या वर्णनाच्या नियमांच्या, दस्तऐवजात नोंदलेले हवे, आणि कंपनीचा उपसर्ग उपसर्गांच्या यादीत हवा. ‘चेकपॅच’ ही कर्नलची तपासणी-स्क्रिप्ट या दोन्ही उणिवा दाखवते, म्हणून त्यावर स्वतःचा वेळ घालवू नये.

नवी चिप जुनीशी पूर्णपणे सुसंगत असेल तर ड्रायव्हरमध्ये नवी ओळ घालण्याची गरजच नसते. बोर्डाच्या वर्णनात आधी नव्या चिपचे आणि मागोमाग जुन्या चिपचे नाव दिले की काम भागते. अशा ठिकाणी "ही ओळ कशासाठी" असे विचारणे योग्यच आहे. मात्र त्याच वेळी प्रोबकडेही पाहावे. अनेक सेन्सर ड्रायव्हर सुरुवातीला चिपची ओळख सांगणारे रजिस्टर वाचतात आणि आकडा अनोळखी असेल तर सरळ नकार देतात. मग जुन्या नावावर विसंबून आलेली नवी चिप जुळते, पण प्रोबच्या दारातून परत जाते. आयआयओ या सेन्सर सांभाळणाऱ्या उपप्रणालीत म्हणूनच असा आकडा दिसल्यास लॉगमध्ये नोंद करून पुढे जाण्याचा आग्रह धरला जातो, आणि तो मला पटतो.

‘ओएफ_मॅच_पीटीआर’ हा मॅक्रो नव्या कोडमध्ये दिसला तर तो काढायला सुचवावा. डिव्हाइसट्री बंद असलेल्या कर्नलमध्ये तो टेबलाऐवजी नल देतो. त्यामुळे टेबल न वापरल्याची सूचना येऊ शकते, शिवाय एसीपीआयवर चालणाऱ्या मशीनवर ‘पीआरपी०००१’ या खास एसीपीआय आयडीच्या साहाय्याने डिव्हाइसट्रीचीच नावे वापरून जुळवून घेण्याची सोयही हातची जाते.

जुळणीसोबत येणारा डेटा

प्रत्येक ओळीत ड्रायव्हरसाठी एक खासगी रकाना असतो आणि ड्रायव्हर त्यात कधी एखादा प्रकार-क्रमांक ठेवतो, कधी एखाद्या रचनेचा पत्ता. क्रमांक ठेवला असेल आणि त्याची मोजणी ० पासून होत असेल, तर ‘आय२सी_गेट_मॅच_डेटा’ किंवा ‘डिव्हाइस_गेट_मॅच_डेटा’ यांच्याकडून येणारे शून्य हे "पहिला प्रकार" म्हणून आले की "काहीच सापडले नाही" म्हणून, हे सांगता येत नाही. मोजणी १ पासून करावी किंवा पत्ता द्यावा. यांपैकी पत्त्याचा मार्ग मी पसंत करतो, कारण त्यात चिपचे गुणधर्म एका जागी येतात आणि प्रकारानुसार फांद्या फुटलेला कोड कमी होतो. एका चिपची माहिती तीन टेबलांत असेल तर तिन्ही ठिकाणी ती एकाच रचनेकडे बोट दाखवते का, हे एकेक ओळ समोरासमोर ठेवून पाहावे. नक्कल करताना एकाच टेबलात जुना पत्ता राहून जाणे ही फार नेहमीची चूक आहे.

पत्ता ठेवला असेल तर दुसरा धोका उद्भवतो. वापरकर्ता सिसएफएसमधल्या (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात जिथे उघड करतो तिथल्या) ‘न्यू_आयडी’ या फाइलीत लिहून चालू कर्नलमध्ये ड्रायव्हरला नवा क्रमांक देऊ शकतो. यूएसबीमध्ये अशा वेळी संदर्भासाठी जुने उपकरण सांगितले नाही तर ‘ड्रायव्हर_इन्फो’ शून्यच राहते, आणि ते न तपासता वापरणारा प्रोब तिथेच कोसळतो. पीसीआय या बाबतीत अधिक सावध आहे. दिलेला डेटा टेबलातील एखाद्या ओळीशी जुळत नसेल तर तो क्रमांक स्वीकारतच नाही. यूएसबी ड्रायव्हरमध्ये मात्र शून्याची तपासणी आहे का, किंवा ‘नो_डायनॅमिक_आयडी’ लावून ही वाट बंद केली आहे का, हे बघावे लागते.

प्रोबमध्ये काय वाचावे

जुळणी झाली याचा अर्थ उपकरणाने काही आकडे सांगितले, एवढाच होतो. ते आकडे कोणतेही उपकरण सांगू शकते. त्यामुळे प्रोबमध्ये "आपला क्रमांक जुळला आहे, म्हणजे दोन एंडपॉइंट (डेटाच्या वाटा) असणारच" असे गृहीत धरणारी ओळ दिसली की थांबावे. ‘सिझकॉलर’ या फझरने (मुद्दाम वेडेवाकडे इनपुट देऊन दोष शोधणाऱ्या साधनाने) यूएसबी ड्रायव्हर्समध्ये शोधून काढलेल्या दोषांतला मोठा वाटा याच गृहीतकाचा आहे. एंडपॉइंट ‘यूएसबी_फाइंड_कॉमन_एंडपॉइंट्स’ सारख्या फंक्शनने शोधावेत, त्याचा परतावा तपासावा, आणि वर्णनातून आलेली लांबी वापरण्याआधी तिला मर्यादा असावी.

परत करायचा एरर कोडही नीट पाहावा. उपकरण आपले नाही असे ठरले तर ‘-ईनोडेव्ह’ किंवा ‘-ईएनएक्सआयओ’ परत करावे. मग गाभा गाजावाजा न करता पुढच्या ड्रायव्हरकडे वळतो. दुसरा कोणताही कोड दिला तरी पुढच्या ड्रायव्हरला संधी मिळते, पण लॉगमध्ये त्रुटी छापली जाते आणि निरोगी यंत्रणेत वापरकर्ता घाबरतो. सर्वांत घातक म्हणजे "आपले नाही" हे ओळखूनही शून्य परत करणे. तसे केल्यास उपकरण ताब्यात राहते, त्यावर काम होत नाही आणि दुसऱ्या कोणाला ते मिळतही नाही. क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून तयार नसल्यास येणारा ‘-ईप्रोब_डिफर’ मात्र जसाच्या तसा वर जाऊ द्यावा. त्याच्या जागी ‘-ईनोडेव्ह’ घातला की पुन्हा प्रयत्न होण्याची शक्यताच संपते.

प्रोबमध्ये क्रमांकांची थेट तुलना असेल तर बाइटक्रम पाहावा. यूएसबीच्या वर्णनातला उत्पादन क्रमांक लिटल-एंडियन (खालचा बाइट आधी) असतो, टेबलातला मात्र प्रोसेसरच्या क्रमाने असतो, म्हणून तुलनेआधी ‘एलई१६_टू_सीपीयू’ लागते. एक्स८६ वर ही चूक कधीच उघड होत नाही. स्पार्स हे साधन ती पकडते, तेव्हा ‘मेक सी=१’ चालवून पाहण्याची विनंती करण्यात संकोच नसावा.

लॅपटॉपच्या मॉडेलवरून अपवाद ठरवणाऱ्या डीएमआय टेबलांबद्दल एकच गोष्ट, पण ती विसरू नये. ‘डीएमआय_मॅच’ पूर्ण नावाशी तुलना करत नाही. दिलेली अक्षरे नावात कुठेही आढळली तरी ते जुळल्याचे मानते. त्यामुळे छोट्या नावाची ओळ त्याच नावाने सुरू होणारी पुढची सर्व मॉडेल्स ओढून घेते. नेमके मॉडेल हवे असेल तर ‘डीएमआय_एक्झॅक्ट_मॅच’ वापरावे.

हातांनी पडताळणी

कोड वाचून झाल्यावर क्रमांक संपूर्ण कर्नल वृक्षात ‘गिट ग्रेप’ ने शोधावा. षोडशमान अक्षरे कोणी लहान लिपीत लिहितो, कोणी मोठ्या, म्हणून शोध अक्षरभेद न मानणारा असावा. अनेक ड्रायव्हर क्रमांकाला आधी नाव देतात आणि टेबलात ते नावच वापरतात, त्यामुळे सापडलेल्या नावाचाही पुन्हा शोध घ्यावा. दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये तोच क्रमांक आढळला तर दोन्ही ओळी एकमेकींच्या इंटरफेसवर हक्क सांगतात का ते ठरवून दोन्हीकडच्या मेंटेनरना चर्चेत घ्यावे.

मॉड्यूल बांधून ‘मोडइन्फो’ ने त्याचे एलियास पाहावेत. सीएच३४० च्या ओळीत उत्पादक व उत्पादन यांच्यापुढे आकडे आणि बाकी सर्व रकान्यांपुढे तारका दिसतात. अरुंद ओळीत तारका कमी असतात. टेबल किती रुंद आहे हे एका दृष्टिक्षेपात सांगणारे याहून चांगले साधन नाही. उपकरण हाताशी असेल तर सिसएफएसमधली त्याची ‘मोडएलियास’ फाइल वाचून ती अक्षरमाला ‘मोडप्रोब --रिझॉल्व्ह-एलियास’ ला द्यावी. एकाहून अधिक मॉड्यूल्सची नावे आली तर स्पर्धा कोणाकोणात आहे ते लगेच कळते. प्रत्यक्ष ताबा कोणाकडे गेला हे यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी -टी’ प्रत्येक इंटरफेसपुढे दाखवते, आणि पीसीआयसाठी ‘एलएसपीसीआय -एनएनके’. उपकरण हाताशी नसेल तर हे निकाल पॅच पाठवणाऱ्याकडून मागवावेत, आणि ते मॉड्यूल हाताने लोड न करता, उपकरण नुसते जोडून घेतलेले असावेत असेही सांगावे.

केवळ आयडी वाढवणारा पॅच स्थिर (स्टेबल) कर्नलांमध्येही जाऊ शकतो. तिथल्या नियमांत त्याला स्पष्ट मुभा आहे. म्हणून स्टेबलच्या पत्त्यावर प्रत पाठवण्याची सूचना द्यावी, पण त्याआधी नवी ओळ ज्या डेटावर किंवा मॅक्रोवर अवलंबून आहे तो त्या जुन्या आवृत्तीत आहे का हे पाहावे. पॅच जर आयडी काढून टाकत असेल किंवा एका ड्रायव्हरमधून दुसऱ्यात हलवत असेल, तर तो कितीही लहान असला तरी स्टेबलसाठी सुचवू नये, कारण आज चालणारे उपकरण उद्याच्या अपडेटनंतर कोणाचे तरी बंद पडेल. अशा हलवण्यात दोन्ही ड्रायव्हर्समधले बदल एकाच पॅचमध्ये असावेत, आणि नवा ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये बंद ठेवणाऱ्या वितरणावर काय होईल याचे उत्तर कमिट संदेशात असावे. ते उत्तर मिळेपर्यंत ‘रिव्ह्यूड-बाय’ ही संमतीची ओळ देऊ नये.